अभ्रा

माझं काम मोजायचं.
मेडिकलची त्वचारोग ओपीडी, खोली अकरा,
जिथल्या कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं
हे तीन उन्हाळे ठरलेलं नाही.
बेचाळीस चेहरे. डाव्या गालाला एक जेल, उजव्याला दुसरं.
ट्यूबांची लेबलं सोललेली, झाकणं एकसारखी,
क आणि ख, एवढंच.
कशात काय आहे ते खालच्या मजल्यावर
कपाटातल्या लिफाफ्यात.
मला कळता कामा नये.

श्रुतिका पराते, एकोणीस, तांडापेठ.
पहिल्या दिवशी ओढणी सोडेना,
स्कूटीवरून आलेली, डोळे तेवढे बाहेर.
सोडली तेव्हा म्हणाली,
"उन्हासाठी नाही बांधत मी."
मी भिंग धरलं.
काळे ठिपके वेगळे, पांढरे वेगळे, लाल वेगळे,
जुने डाग मोजायचे नाहीत.
डावा एकवीस. उजवा एकोणीस.
संत्र्याच्या सालीची पूड बंद, टूथपेस्ट बंद,
मावशी बंद, असं मी सांगितलं.
मटाराच्या दाण्याएवढंच लावायचं.
"कच्चा की शिजलेला?" तिनं विचारलं,
आणि हसली नाही.

तिसऱ्या आठवड्यात उजवा गाल
ओल्या भिंतीच्या चुन्यासारखा सुटत होता.
डावा नुसताच कोरडा, गप्प.
"वाढल्या मॅडम. आधी बऱ्या होत्या."
मी छापील कागदातलं वाक्य वाचलं,
सुरुवातीला असं होऊ शकतं.
तिनं कागद उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.

आठव्या आठवड्याला आई आली,
पिशवीतून उशीचा अभ्रा काढून
माझ्या टेबलावर पसरला, रजिस्टरवरच.
गडद निळा. डाव्या अंगाला
पांढरट, पिवळट ढग.
उजवं अंग जसंच्या तसं.
"उन्हानं रंग गेला तं सारा जाते, डॉक्टर.
धुण्यानं गेला तं पाण्यात दिसते.
हा तं कोणी थेंब थेंब खाल्ला.
आमच्या घरी तीन पिढ्या सूत रंगवलं,
मले कळते.
पोरीच्या तोंडाले काय लावून राहिले तुम्ही?"

मी सांगितलं, कापडाचा रंग उडतो, कातडीचा नाही.
खरं तेच सांगितलं.
पण त्या क्षणी मला कळलं, डावीकडे काय आहे,
आणि मग उजवीकडे काय असणार तेही.
सहा महिने जपलेलं कुलूप
एका कोष्टिणीनं
पिशवीतून काढून माझ्यासमोर उघडं ठेवलं.

मग मोजायला बसले.
डावा नऊ.
पुन्हा मोजला, आठ.
हनुवटीजवळचा एक, तो धरायचा की नाही?
काल मी तो डोळे झाकून धरला असता.
उजवा अकरा. की दहा.
श्रुतिका मान वर करून, श्वास रोखून,
आणि मी भिंगाआडून माझ्याच नजरेवर
पाळत ठेवून.
शेवटी शेजारच्या खोलीतल्या ढोबळेला बोलावलं,
अभ्रा आधी टेबलाखाली सरकवला,
म्हटलं, तू मोज. मला काही विचारू नकोस.

रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलं:
निरीक्षकास उपचार ओळखता आला.
कारण: उशी.
सरांनी "उशी"खाली दोनदा रेघ मारली
आणि काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस फोन केले.
गिट्टीखदान, हिंगणा, कामठी, जरीपटका.
पांढऱ्या अभ्र्यावर झोपा. पांढराच टॉवेल वापरा.
कारण विचारलं की सांगायचे, स्वच्छतेसाठी.
कामठीचा एक मुलगा म्हणाला,
पांढरा नाही, लग्नातली चादर आहे, फाडू का?

निघताना श्रुतिकानं ओढणी
अर्धीच बांधली होती, हनुवटीपर्यंत.
जिन्यावर आई विचारत होती,
"कोणता गाल चांगला झाला मंग?"
"मले नाही माहीत," ती म्हणाली,
"ज्यायले माहीत आहे
त्यायनंच दुसऱ्याले मोजाले लावलं."